धर्माजींचा डावा कान

२००६ च्या फेब्रुवारीत भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कजवळच्या एका मंगल कार्यालयात कानाच्या आजारांवर सीएमई होती. सीएमई म्हणजे डॉक्टरांनी आपलं ज्ञान ताजं ठेवावं म्हणून भरणारा वर्ग. सत्तरेक डॉक्टर आले होते. कुठल्याशा लग्नातल्या झेंडूच्या माळा अजून खांबांवर सुकत होत्या. निम्मे लोक सर्टिफिकेटसाठी आले होते, निम्मे जेवणातल्या उंधियूसाठी.

वर्ग घेत होते डॉ. गुणवंत शाह. मी निहार, त्यांचा असिस्टंट. चार वर्षं त्यांच्याच हाताखाली कानाची ऑपरेशनं शिकत होतो.

सरांना एक चाचणी दाखवायची होती. एक कान ठार बहिरा असला, तरी त्यात दिलेला आवाज कवटीतून पलीकडे जातो आणि चांगला कान तो ऐकतो. डॉक्टर फसतो. म्हणून चांगल्या कानात खरखर सोडायची, मगच बहिऱ्या कानात शब्द बोलायचे. त्यासाठी सरांनी धर्माजींना बोलावलं होतं.

"सर, दुसरा कुणी पेशंट नाही चालणार?" मी आदल्या दिवशी विचारलं होतं.

"अरे, एवढा चोख मेलेला कान कुठे मिळणार?" सर म्हणाले.

धर्माजी रत्नागिरीकडचे. टेम्पो चालवायचे. दोन वर्षांपूर्वी डावा कान वाहतो म्हणून आले. कानामागचं हाड आजाराने पोखरलं होतं. सरांनी ऑपरेशन केलं. त्यानंतर डावा कान गेला, चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डोळा मिटेना. टेम्पो सुटला. केसपेपरवर लिहिलं होतं, आजाराने चेहऱ्याची नस आधीच खाल्ली होती. अक्षर माझं होतं.

स्टेजवर धर्माजी खुर्चीत ताठ बसले. पहिल्या रांगेत त्यांची बायको विमलाबाई मांडीवर पिशवी धरून होती. मी हेडफोन चढवला, उजव्या कानात खरखर सोडली आणि तोंडासमोर पुठ्ठा धरून माइकमध्ये शब्द वाचले.

"आंबा. पाटी. दूध. चाक."

धर्माजी गप्प.

"शून्य," सर खूश होऊन म्हणाले. मी यादी खाली ठेवली.

"डोकं जरा वळव," धर्माजी म्हणाले.

लोक हसले. मीही हसलो. यादी संपल्यावर मी माइकमध्ये काहीच बोललो नव्हतो.

"लाइट खाली घे. अजून. सक्शन." आवाज त्यांचाच, पण सपाट, शाळेतल्या पोराने ऐकून म्हटल्यासारखा. "थांब, थांब! अरे देवा, नस गेली."

सरांच्या हातातला पॉइंटर खाली आला. हे शब्द ऑपरेशनच्या टेबलावरचे होते. मी स्वतःला समजावलं. भूल हलकी पडली की काही पेशंटना ऐकलेलं आठवतं. पुस्तकात आहे.

"निहार, नोट बदल. लिही, आजारानेच खाल्ली होती," धर्माजी पुढे म्हणाले.

हे टेबलावरचं नव्हतं. ते ऑपरेशननंतर दोन तासांनी सर मला म्हणाले होते, त्यांच्या गाडीत, चेण्याच्या फाट्यापाशी. काचा बंद होत्या. आम्ही दोघंच होतो.



"हो सर," धर्माजी म्हणाले.

ते माझं उत्तर होतं.

"बस, बस. काढ तो हेडफोन," सर म्हणाले. मग हॉलकडे वळून त्यांनी शांतपणे समजावलं, की कान मेला की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो, त्याला भास म्हणायचं. सत्तर डॉक्टरांनी ते वहीत उतरवून घेतलं. कुणी विचारलं नाही, कुठली नोट. एकाने थेंबांच्या औषधाबद्दल विचारलं. मग जेवण.

मी खाली आलो. धर्माजी आणि विमलाबाई जिन्याच्या पायरीवर बसली होती. धर्माजी गाल बोटांनी दाबून चहा पीत होते, नाहीतर सांडतो.

मी म्हटलं, "धर्माजी, ती नोट मी खोटी लिहिली."

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

"तक्रार करा. मी साक्ष देईन." हे बोलताना माझं लक्ष वर जिन्याच्या टोकाकडे होतं, सर येतायत का म्हणून. विमलाबाईंनी ते पाहिलं.

"तक्रार नको," त्या म्हणाल्या. "ऐकू यायचं बंद होईल का, एवढंच सांगा. तुमच्या घरातलं सगळं ह्यांना ऐकू येतं. दोन वर्षं झाली."

"माझ्या घरातलं? अहो, मी एकटा राहतो. बोलणार कुणाशी?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुमी नाय बोलत," धर्माजी म्हणाले. "तुमी कुलूप लावून भायेर पडलात, की मग ते बोलतात."

"कोण ते?"

विमलाबाईंनी पिशवी उचलली. "चला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. पण धर्माजी उठले नाहीत. त्यांनी चहाचा ग्लास पायरीवर ठेवला आणि डावा कान थोडा वर केला.

"आत्ता बोलतायत?" मी विचारलं.

त्यांनी होकाराची मान हलवली. न मिटणारा डोळा माझ्यावरच होता.

"म्हनतायत, आज रविवार. आज तो लवकर घरी येईल."