पांढरीच राहिलेली पट्टी

बाबांचा फ्रिज रिकामा करताना रागिणीच्या हाती इन्सुलिनची न उघडलेली बाटली लागली. तिने ती तळव्यांत धरून हलकेच फिरवली. औषध दुधासारखं एकजीव व्हायला हवं होतं. झालं नाही. काचेला आतून पांढरे कण चिकटून राहिले.

रागिणी तिथेच फरशीवर बसली.

बाबांना, पंजाबरावांना, जाऊन सोळा दिवस झाले होते. साखर साडेसहाशेवर गेली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "इंजेक्शनं चुकवत होते का?" तेव्हापासून अकोल्यातले, जठारपेठेतले नातेवाईक तेच म्हणत होते. म्हातारा हेकट, घेतलं नसेल.

पण जुन्या डब्यात वापरलेल्या चोवीस सुया होत्या. इन्सुलिनचं शेवटचं पार्सल आल्यापासूनचे बारा दिवस, दोन वेळा. बाबांनी एकदाही चुकवलं नव्हतं.

पार्सल अमरावतीच्या घरपोच औषधांच्या दुकानातून आलं होतं. तिथून औषध मागवायचं रागिणीनेच ठरवून दिलं होतं. असल्या बाटल्या अजून किती घरांत असतील?

थर्माकोलचा डबा गॅलरीत होता. झाकणाला आतून एक पट्टी होती; औषध तापलं की ती लाल होते. ती पांढरीच होती. शेजारी मालकाच्या सहीची चिठ्ठी डकवलेली होती, 'तपासले'. चिठ्ठी मध्ये जराशी फुगली होती.

औषध निरीक्षक किशोर यांनी सगळं ऐकून घेतलं. "एका बाटलीवर काही होत नाही. तुमच्याच फ्रिजमध्ये बिघडली म्हणतील."

"मग नवीन मागवू. तुमच्यासमोर उघडू."

मंगळवारी चव्वेचाळीस अंश होते. पार्सल दारातच उघडलं. बाटलीचं खोकं बर्फाच्या दोन पिशव्यांमध्ये घट्ट दाबलेलं, ओलं, पिशवीला चिकटलेलं. पट्टी पांढरी, शेजारी तीच 'तपासले' चिठ्ठी. बाटलीत तेच कण. किशोरनी डबा जसाच्या तसा ताब्यात घेतला.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन दोघं अमरावतीला दुकानात पोचले. मालक शेखर यांनी खुर्च्या पुढे केल्या.

"ताई, बाबांचं ऐकून लई वाईट वाटलं. पण पट्टी पाहा ना. पांढरी हाये. एवढ्या उन्हात अकोल्यापर्यंत गार माल पोचवतो आमी."

"पॅकिंग कोण करतं?" किशोरनी विचारलं.

"ही संध्या. चुकली असंन एखाद् वेळी."

टेबलाशी खोकी भरणारी बाई थांबली. "माह्यावर काहून ढकलून राहिले, भाऊ?"

"बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढून लगेच भरता?" रागिणीने विचारलं.

"आधी नाई. अर्धा घंटा बाहेर ठेवायच्या, घाम फुटू द्यायचा, मधात पुठ्ठा लावायचा. उन्हाळा लागला अन् गिऱ्हाईकं बोंबलाले लागले, पार्सल गार नाई, वापस न्या. मंग भाऊ म्हणे, पुठ्ठा काढ, सरळ चिपकव."

"साफ खोटं! हिनं मनानंच केलं."

"डबा बंद कोण करतं?"

"मी सोता. एकेक डबा तपासतो, मंगच आपल्या हातानं चिठ्ठी लावतो." शेखर जरा ताठ बसले.

रागिणी हळूच म्हणाली, "आपल्याकडे मे महिन्यात एकच भीती असते, औषध तापेल. मीही आधी तेच शोधत होते. पण इन्सुलिन गोठलं तरी वाया जातं. वितळल्यावर पुन्हा पातळ होतं, ताकद मात्र गेलेली असते. ही पट्टी फक्त उष्णता सांगते. गोठल्याचं सांगणारी दुसरी असते. संध्याताई, ती लावत होता?"

"हो. दर डब्याले. नियमच हाये. पुठ्ठा काढल्यावर वापस आलेल्या डब्यात तिचा ठिपका जांभळा झालेला दिसे. भाऊले म्या तवाच सांगतलं होतं."

"मग आमच्या डब्यात ती दिसली का नाही? काढली असती तर तपासणीत सापडलं असतं. दिसली असती तर गिऱ्हाइकानं माल परत केला असता. किशोरसाहेब, ती चिठ्ठी उचला."

किशोरनी नखाने 'तपासले' सोलली. खाली दुसरी पट्टी होती. ठिपका गर्द जांभळा.

"संध्याताईंनी लावली. तुम्ही तिच्यावर सही डकवली, शेखरभाऊ. ठाऊक नसतं, तर झाकली कशाला असती?"

शेखर रुमाल शोधू लागले. "ताई... सीझनभराचाच प्रश्न होता. माल वापस आला का दुकान बसते."

किशोर पंचनामा लिहू लागले. रागिणीने गिऱ्हाइकांची यादी मागितली. शेखर हलले नाहीत. संध्याने ती आणून दिली. एकतीस नावं.

पहिलं नाव मैनाबाई, डाबकी रोड. रागिणीने फोन लावला.

"मावशी, फ्रिजमधलं ते इन्सुलिन घेऊ नका. नवी बाटली मी आजच पोचवते. तोवर डॉक्टरांना साखर दाखवून या."

"काहून वं? तू कोण बोलून राहिली, पोरी?"



"पंजाबरावांची मुलगी," ती म्हणाली.