राखीव: रेडिओ दुरुस्ती, भाग दुसरा

होनमाळचं सार्वजनिक वाचनालय ३१ मार्च १९८६ रोजी कायमचं बंद करण्यात आलं. तसा आदेश निघाला, आदेशाला जावक क्रमांक पडला, आणि एकदा क्रमांक पडला की देवाचंही काही चालत नाही.

आता हे विसरून जा. असं काही झालेलं नाही. आज बारा मार्च आहे. वाचनालय चालू आहे, झाडलोट झालेली आहे, ग्रंथपाल खुर्चीत बसलेले आहेत. फक्त पुस्तकं नाहीत.

ही बातमी लातूरला तारेनं आली. 'पुस्तके गायब. ग्रंथपाल हजर. ताबडतोब या. वीरण्णा, अध्यक्ष.'

ग्रंथालय निरीक्षक नरसिंग देवणे यानं ती दोनदा वाचली. पाच वर्षांच्या नोकरीत त्यानं वाळवीनं, उंदरांनी आणि एकदा एका शेळीनं खाल्लेल्या पुस्तकांचे पंचनामे केले होते. पण पुस्तकं गायब आणि ग्रंथपाल हजर, हे पहिल्यांदाच. एरवी उलटं असतं.

लातूर जिल्हा नवा होता, चार वर्षांचा. त्या वयात लेकरू शाळेतसुद्धा जात नाही. ह्याला मात्र वाचनालयांची यादी नव्यानं करायची होती. कुठलं ठेवायचं, कुठलं गाळायचं, हे नरसिंगच्या एका अहवालावर ठरत होतं. पुस्तकं नसलेलं वाचनालय यादीत ठेवायची सोय कुठल्याच नियमात नव्हती.

निलंग्याहून निघालेल्या गाडीत तो आणि कंडक्टर, दोघंच होते. होनमाळला मात्र गाडी थांबायच्या आत गाठोडी, पत्र्याच्या पेट्या आणि लेकरं दाराला झोंबली. नरसिंगला उतरायला जागा मिळेना.

"येताना रिकामी, जाताना गच्च," कंडक्टर म्हणाला. "दोन वर्षं झाली, असंच चालू हाय."

चौकात पाण्याचा टँकर आला होता. कपाळाला विभूती लावलेला एक म्हातारा धोतर खोचून, घागर घेऊन असा पळाला की दोन तरण्या पोरांना त्यानं मागं टाकलं. नरसिंगला कौतुक वाटलं.

तासाभरानं तोच म्हातारा वाचनालयात त्याच्यासमोर खुर्चीत बसला होता.

"शरणार्थी, साहेब," त्यानं हात जोडून नमस्कार केला. "उठलो असतो, पण गुडघे लई धरलेत."

हे ग्रंथपाल बसलिंगप्पा. एकतीस वर्षं ह्याच खुर्चीत. होनमाळमध्ये तलाठ्याच्या नुसत्या सायकलीसाठीही माणसं उठून उभी राहत. नरसिंगनं गुडघ्यांची मनातल्या मनात नोंद केली.

शेजारी अध्यक्ष वीरण्णा उभे होते. किराणा दुकानदार, आवाज भरदार, रागही भरदार.

"तपासणीचं कार्ड आलं म्हनून कपाटं पुसायला उघडली, साहेब. चारशे तेरा पुस्तकं हाईत दाखल. कपाटात एक. ह्यांना इचारलं तर म्हनतात, चोरी झाली."

"कुलूप फोडलंय?" नरसिंगनं विचारलं.

"न्हाई."

"किल्ली कुणाकडं?"

"ह्यांच्या जानव्याला."

"आपल्या लिंगायतांत जानवं नसतंय, वीरण्णा," बसलिंगप्पा शांतपणे म्हणाले. "करदोड्याला."

"बगा, कबूल केलं."

नरसिंगनं कपाट उघडलं. मधल्या फळीवर एकच पुस्तक उभं होतं, शेजारी कुणी नसताना सरळ उभं. 'रेडिओ दुरुस्ती, भाग दुसरा.' दाखल क्रमांक २१४. तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का नोव्हेंबर १९७२ चा. कव्हरवर मात्र धुळीचा कण नव्हता.

"देवघेवीची नोंदवही कुठाय, अप्पा?"

"ती बी गेली."

"चोर नोंदवही नेतो, चारशे बारा पुस्तकं नेतो, आणि रेडिओ ठेवतो?"

"त्याला रेडिओची आवड नसंल."

टेबलावर शिक्का आणि शाईचं पॅड होतं. शिक्का चौकोनी. पॅडच्या मधोमध मात्र लांबट गोल खळगा पडला होता, जात्याच्या पाळीसारखा गुळगुळीत. नरसिंगनं त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. बरोबर बसला. बसलिंगप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

"ह्यांनी रद्दीत घातली," बाहेर आल्यावर वीरण्णा म्हणाले. "मी फौजदाराला सांगनार हाय. नोकरी गेली तरी चालंल, पर गावाचं नाव गेलं."

"रद्दी गावात कोण घेतं?"

वीरण्णांनी उपरणं सारखं केलं. "मीच."

म्हणून नरसिंग वीरण्णांच्या दुकानात गेला. पुड्यांचा कागद तपासायचा तर पुड्या घ्याव्या लागतात. त्यानं जिरे घेतले, मोहरी घेतली, हळद, सुंठ, ओवा घेतला. जिऱ्याची पुडी चौथीच्या पेपरची निघाली; पोरानं भागाकार चुकवला होता. मोहरी जुन्या पंचांगात होती. पुस्तकाचं एकही पान नाही. स्वयंपाक न येणाऱ्या नरसिंगकडं आता वर्षभराची फोडणी होती.

वरच्या फळीवर एक उघडा रेडिओ होता. पेटी एकीकडं, तारा एकीकडं, स्क्रू वाटीत. वाटीवर झाकण.

"हे काय?"

"संगप्पानं उघडला. बहात्तरच्या दुष्काळात. अप्पांचा पोरगा, सतरा वर्षांचा."

"जोडला का नाही?"

"त्यानंतर त्यो कामाला म्हनून हैदराबादला गेला."

"मग?"

"मग काय. त्यो आल्यावर जोडंल." वीरण्णांनी वाटी जराशी आत सरकवली. "चौदा वर्षांत एक स्क्रू हरवू दिला न्हाई."

वाचनालयाच्या मागं गुणाबाईचं घर. एकटी म्हातारी ओसरीवर गाठोडं बांधत बसली होती. तिच्या डाव्या अंगठ्यावर जांभळी शाई होती, अजून पुरती न गेलेली.

"मावशी, मतदान झालं का कुठं?"

"न्हाई बाबा."

"मग शाई?"

"जांभळं खाल्ली."

"मार्चात?"

गुणाबाईनं अंगठा पदरात घेतला. "तुमच्या नव्या जिल्ह्यात येत नसतील. आमच्या जुन्यात यायची."

गाठोड्याला एक कोपरा होता. लुगड्यांच्या गाठोड्याला कोपरा नसतो.

"त्यात काय आहे?"

"आरसा."

"कुठं चाललात?"

"लेकाकडं, पुण्याला. आजच, सांजच्या गाडीनं. वीटभट्टीवर हाय त्यो. पानी न्हाई, गडी न्हाई, हितं कुणाला बघत बसू?"

"परत कधी?"

"पाऊस पडल्यावर," ती इतक्या लगेच म्हणाली, की ते तिला कुणीतरी पाठ करून दिल्यासारखं वाटलं.

दुपारी चारला नरसिंगनं तिघांना वाचनालयात बोलावलं. बसलिंगप्पा खुर्चीतच होते. वीरण्णा दारात, गाठोडं घेतलेली गुणाबाई उंबऱ्यावर.

"चोरी झालेली नाही," नरसिंग म्हणाला.

वीरण्णांनी दाराची चौकट धरली.

"कुलूप शाबूत, रद्दीत एक पान नाही. म्हणजे पुस्तकं ह्याच दारातून, दिवसाढवळ्या, रीतसर गेली. दिली गेली. कुणाला? पॅड बघा. शिक्क्यानं असा खळगा पडत नाही. अंगठ्यानं पडतो, तोही शेकड्यानं अंगठे उठले तर. ज्यांना सही येत नाही त्यांनी पुस्तकं नेली. मावशी, आरसा दाखवा."

गुणाबाईनं बसलिंगप्पांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. तिनं गाठ सोडली. मधमाशीपालनावरचं पुस्तक निघालं.

"वाचता येतं?"

"न्हाई."

"मधमाश्या आहेत?"

"हितं मानसं न्हाईत, मधमाश्या कुठल्या."

"आता अप्पांचे गुडघे. सकाळी मी ह्यांना टँकरमागं पळताना बघितलं. तेव्हा गुडघे नव्हते. ते फक्त ह्या खुर्चीत येतात. अप्पा, उठा."

बसलिंगप्पा उठले नाहीत. मग हळूच उठले. बस्कराखाली देवघेवीची नोंदवही होती.

नरसिंगनं ती उघडली. पानामागून पान जांभळ्या अंगठ्यांचं. सदस्य क्रमांक ५७, कावेरीबाई, पुणे. ५८, तिचा नवरा. ५९, सासू. क्रमांक २९८ पुढं दाण्याएवढा ठसा होता: वय तीन महिने, पुस्तक 'विहीर खोदाई'. परतीच्या तारखेच्या रकान्यात सगळीकडं एकच मजकूर. पाऊस पडल्यावर.

"नियम असा आहे," नरसिंग म्हणाला, "की गाव सोडणाऱ्याकडून आधी पुस्तक परत घ्यायचं. तुम्ही गाव सोडणाऱ्यालाच पुस्तक दिलंत. माणशी एक. चारशे बारा माणसं."

"हाव."

"कामून?" वीरण्णांचा आवाज आता भरदार नव्हता.

"पुस्तक परत द्यायला तरी यावंच लागतंय की," बसलिंगप्पा म्हणाले. "घर सोडून जातंय मानूस, शेत सोडतंय, देव सोडतंय. पर वाचनालयाचं पुस्तक बुडवलं असं एक बी मानूस ह्या गावात न्हाई. एकतीस वर्षांत एक न्हाई. मी बगितलंय."

नरसिंगनं वही मिटली.

"मग चोरी का सांगितली?"

"वही दाखवली असती, तर तुमी अहवालात काय लिवलं असतं?"

नरसिंगला खोटं बोलता आलं असतं. "सदस्य कायमचे स्थलांतरित. नावं कमी करावीत."

"म्हनून बसलो तिच्यावर. चोरी झाली तर पुस्तकं जातात. नावं ऱ्हातात."

"किती जण आले परत?"

"एक. पिराजी. बायकोचं पुस्तक द्यायला आला व्हता. ती तिकडंच वारली."

"आणि?"

"दुसरं घेऊन गेला."

वीरण्णांनी काहीतरी करायचं म्हणून वही ओढली आणि शेवटचं पान काढलं. बघता बघता त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"क्रमांक चारशे नऊ. जगदेवी वीरण्णा." त्यांनी ते पुन्हा वाचलं. "ही माझी बायकू हाय. ही कुठं चालली?"

"लातूरला. थोरल्याकडं," बसलिंगप्पा म्हणाले. "चारशे दहा तुमी. तिनंच घेतलंय तुमच्या नावानं. तुमाला अजून सांगितलं नसंल."

वीरण्णा दारातच खाली बसले. फौजदाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

"एक उरलं," नरसिंग म्हणाला. हे सांगायची त्याला इच्छा नव्हती. पण रहस्य अर्धं सोडून लातूरला जाता येत नाही. "सगळी वाटली, आणि एक ठेवलं. 'रेडिओ दुरुस्ती, भाग दुसरा.' बहात्तरनंतर कुणालाच दिलं नाही, पण रोज पुसलं जातं. भाग पहिला संगप्पानं वाचला, आणि त्यावर वीरण्णांचा रेडिओ उघडला. जोडायचं दुसऱ्या भागात असणार. बरोबर?"

"दुसरा हेडमास्तरांकडं व्हता," बसलिंगप्पा म्हणाले. "त्यानं मागनी लावली. मीच नोंद घेतली. म्हनलं, आठ दिवस थांब, येतंय. त्यो म्हनला, आठ दिवस कोन थांबतंय अप्पा, हितं काय हाय? हेडमास्तरांनी पुस्तक दिलं त्या दिवशी पोराला जाऊन चार दिवस झाले व्हते."

त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं. कव्हरच्या आत पिवळी पडलेली चिठ्ठी होती. 'राखीव. संगप्पा बसलिंगप्पा.'

"भाग पहिला त्यानं जायच्या आदल्या दिवशी परत केला. मीच शिक्का मारून घेतला. मीच म्हनलं, जाताना पुस्तक जमा करून जा, नियम हाय." त्यांनी पुस्तक पुन्हा फळीवर उभं केलं. "त्याच्याकडं परत करायला काय ऱ्हायलंच न्हाई, साहेब."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. आज ती लवकर आली होती. गुणाबाईनं गाठोडं बांधलं, कोपरा नीट आत घेतला. नरसिंग तपास अधिकारी होता. पुस्तक जप्त करणं त्याचं कर्तव्य होतं. त्यानं गाठोडं उचलून तिच्या डोक्यावर दिलं.

"जपून न्या, मावशी. सरकारी आहे."

"हाव. आनून देते."

अहवाल त्यानं निलंग्याच्या बसस्थानकावर, जिऱ्याच्या पिशवीवर कागद ठेवून लिहिला. सुरुवातीला सांगितलेला आदेश निघाला तेव्हा तो अहवाल फाईलमध्येच होता, आणि अजूनही आहे. त्याचा शेवटचा परिच्छेद असा:

'सबब, सदर ४१२ पुस्तके गहाळ न समजता वाचकांकडे आहेत असे समजण्यात यावे. परतीची मुदत पाऊस पडेपर्यंत वाढवून मिळावी. सदस्यांची नावे कमी करू नयेत. तसेच दाखल क्रमांक २१४ हे पुस्तक उपलब्ध झाले असून राखून ठेवले आहे, असे वाचक संगप्पा बसलिंगप्पा (पत्ता: माहीत नाही) यांस आपल्या स्तरावरून कळविण्यात यावे, व पुस्तक नेण्यासाठी त्यांस समक्ष हजर राहण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती.'