बदली माणूस

जमादार तेलाची बाटली आणायला बाहेर पडले तेव्हा ऊन चांगलं होतं. काम साधंच होतं. घराचं मागचं दार हट्टाला पेटलं होतं. अर्धं उघडायचं आणि तिथेच थांबायचं. लावायला गेलं की जड लागायचं, जसं काही पलीकडून कोणी कडेला हात लावून उभा आहे.

जमादार हे त्यांचं नाव नव्हे. उभी हयात एका गोदामाच्या फाटकावर पहारा केला, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. शाळा फार झाली नव्हती, पण पाळीची शिस्त होती. बदली माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय फाटक सोडायचं नाही. येणाऱ्याने दोन गोष्टी विचारायच्या: कोणाला आत घ्यायचं, आणि कोणाला घ्यायचं नाही. मग म्हणायचं, "मी आलो. तू जा." एवढं झालं की पहारा एकाच्या अंगावरून उतरला आणि दुसऱ्याच्या अंगावर चढला. यात आपली एकदाही चूक झाली नाही, हे ते कोणी न विचारताही सांगत.

तेल घातलं, बिजागऱ्या पुसल्या. दार हललं नाही. मग सुतार आला. त्याने रंधा काढला, चौकटीला ओळंबा लावला, खालून काडी फिरवून पाहिली.

"काका, दारात काही खोट नाही. तुमच्यासारखं ताठ आहे."

"मग लागत का नाही?"

"तुमच्यासारखंच आहे म्हटलं ना. ऐकत नाही."

एरवी जमादारांनी त्याला चार शब्द सुनावले असते. पण तेवढ्यात सुताराचा हात दाराच्या कडेला लागला आणि त्याने तो चटकन मागे घेतला. हत्यारं पिशवीत टाकली, पैशाचं नावसुद्धा न काढता निघून गेला. जमादारांनी त्याच जागी तळहात ठेवला. लाकूड गार होतं. फक्त छातीच्या उंचीवर चार बोटांएवढी जागा कोमट होती.

मधल्या खोलीत खाटेवर त्यांची बायको होती. ताप उतरत नव्हता, आणि त्याहून वाईट म्हणजे झोप येत नव्हती. डॉक्टर उंबऱ्यापाशी हळू आवाजात म्हणाले होते, "हृदय थकलंय. आता झोप लागली तर ठीक. नाही लागली तर मी काही सांगू शकत नाही." मुलगी कपड्यांच्या कारखान्यात जायची ती दिवे लागायच्या सुमाराला परत यायची. तोवर आजारी माणूस आणि जमादार, दोघंच.

बायकोची एक जाड कादंबरी होती. लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवून आणलेली. सात दरवाजांचं नगर, हाकलून दिलेली राजकन्या, बोलणारे गरुड, बर्फ खाणारा राक्षस. इतक्यांदा वाचली होती की पानं सुटली, मग तिने ती दोऱ्याने शिवली. आणि एवढं प्रेम असूनही तिची एक तक्रार कायम होती. लिहिणारा त्या राजकन्येची पाठ काही सोडत नाही. वादळात तिला पार उतरवणारा नावाडी परत पोचला का? स्वतःच्या वहाणा काढून देणारी विहिरीवरची बाई पुढे अनवाणी किती चालली? या सगळ्यांना जन्माला घालायचं आणि वाऱ्यावर सोडायचं, ही काय रीत झाली?

सगळ्यात जास्त जीव तिने टाकला होता लहान दरवाजावरच्या पहारेकऱ्यावर. राजकन्या पळून जाताना त्याला म्हणते, "मी परत येईपर्यंत दार धरून ठेव." तो म्हणतो, "जी." बस. पुढे ती फौज घेऊन परत येते, पण मोठ्या दरवाजाने. लहान दरवाजाचं नाव पुन्हा येत नाही.

"त्याचं पुढे काय झालं हो?" ती तरुणपणापासून विचारत आली होती.

"मला काय माहीत? मी लिहिलंय का ते?"

आता तिला दिसत नव्हतं. म्हणून अक्षरांखाली बोट ठेवून, अडखळत, जमादार वाचून दाखवायचे. दार अडलं त्याच्या आदल्या दुपारी ते नेमके त्या पानावर आले होते.

सुतार गेल्यावर त्यांनी पुस्तक उघडलं, पण तिने हात वर केला.

"थांबा जरा... त्याने हात बदलला."

"कोणी?"

"दारावरच्याने. मघापासून उजवा होता. आता डावा लावलाय."

तापातलं बोलणं म्हणून जमादारांनी ते सोडून दिलं. पण मागच्या बाजूने वास येत होता. ओल्या लोकरीचा, आणि विझलेल्या मशालीच्या तेलाचा. त्यांच्या घरात या दोन्ही वस्तू नव्हत्या.

ती सारखी कूस बदलत होती. चादर मुठीत धरायची, सोडायची. "सांगा ना हो, काय झालं त्याचं? तुम्हाला ठाऊक असणार. तुमचंच काम ते."

आयुष्यात जमादारांनी गोष्ट म्हणून सांगितली नव्हती. पण फाटकावर उभं राहणं त्यांना माहीत होतं. ते घसा साफ करून सुरू झाले, हजेरी दिल्यासारखे. पहारेकरी उभा आहे. पहिला दिवस बरा जातो. मग पोटऱ्या भरून येतात. मग तो एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकायला शिकतो. बसता येत नाही, कारण बसलं की दार लागतं. पाऊस आला की तोंड वर करून पाणी पितो. कोणी विचारलं तर सांगतो, बाईसाहेब येणार आहेत.

पुस्तकात नसलेलं ते सांगत गेले. बायकोच्या मुठी सैल झाल्या. ती झोपली.

मुलगी आली, आईच्या कपाळाला हात लावला आणि स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसले. "बाबा, काय केलंत?"

"काही नाही. बोललो जरा."

"तुम्ही? बोललात?" ती रडता रडता हसली.

पण झोप टिकली नाही. दुसऱ्या दिवशी तिला पुढचं हवं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याही पुढचं. जमादारांनी पहारेकऱ्याचे केस पांढरे केले, गुडघे वाकवले, त्याला राज्याभिषेकाचे नगारे लांबून ऐकवले. जसं सांगत तसं दार जास्त जड होई. आणि आता त्यांनाही ऐकू येत होतं. पायांची चुळबुळ. दमलेल्या माणसाचा नाकातून निघणारा श्वास.

मग त्यांच्याजवळचं संपलं. आभाळ भरलेली दुपार होती. खोलीत संध्याकाळसारखं अंधारून आलं होतं.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? उभा आहे."

"सोडवा हो त्याला." आवाज पार खोल गेला होता. "तो सुटल्याशिवाय मला झोप नाही..."

"बदली आल्याशिवाय कसा सुटेल?"

"मग पाठवा ना बदली."

"पाठवू कोणाला?"

तिने न दिसणारे डोळे त्यांच्याकडे वळवले. "तुमच्याइतका पक्का माणूस आहे का कोणी?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं कौतुक तिने तोंडावर कधी केलं नव्हतं. जमादार उठले. सदऱ्याची वरची गुंडी लावली. मागच्या दारापाशी गेले. वास आता इतका जवळ होता की समोर कोणी उभा असता तर त्याचा सदरा नाकाला लागला असता. दाराच्या कडेला त्या कोमट जागेवर त्यांनी हात ठेवला. तिला एकदाची झोप लागू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं. घाई झाली.

"मी आलो," ते म्हणाले. "तू जा."

कोणीतरी लांब सुस्कारा सोडला. मग पायऱ्यांवरून पावलं उतरली, गुडघे आखडलेल्या माणसाची, एक एक करत. गल्ली रिकामी दिसत होती. पावलं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली.

आणि दार त्यांच्या हातावर आलं. इतके दिवस लागत नव्हतं ते दार आता लागायला ओढ घेत होतं. वारा नव्हता. जमादारांनी दोन्ही हात लावले.

पाठीमागे खाट करकरली.

महिनाभर जी आधाराशिवाय उठून बसलीसुद्धा नव्हती, तिच्या चपला वाजल्या. एका चपलेचा पट्टा तुटला होता, तो तारेने बांधलेला. त्यामुळे तिचं चालणं साऱ्या घराला ओळखीचं होतं. चट, टक. चट, टक. जमादारांना मान वळवायची होती. पण पहाऱ्यावरचा माणूस दाराकडे पाठ करत नाही. त्यांच्या हाताखालून वाकून कोणी गेलं. ताप उतरलेल्या अंगाचा गारवा लागला.

"येते हं," ती म्हणाली. आवाज ठणठणीत होता. "मी परत येईपर्यंत दार धरून ठेवा."

आणि जन्मभराच्या सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "जी."

मुलगी आली तेव्हा आई खाटेवर होती. झोपल्यासारखी, चेहऱ्यावर एक सुरकुतीही ताणलेली नाही. अंग केव्हाच थंड पडलं होतं. बाबा मागच्या दारात उभे होते. तिने हाक मारली, खांदा हलवला, दाराशी झोंबली. शेवटी शेजारचे चौघे आले तरी त्यांची बोटं सुटेनात.

"बाबा, आई गेली हो..."

"माहीत आहे. माझ्यासमोरून गेली. येणार आहे."

धक्का बसलाय, असं सगळे म्हणाले. काही दिवसांनी मुलीने वाद सोडला. दारापाशी उंच स्टूल आणून ठेवलं, त्यावर ते टेकत, पण हात सोडत नसत. तीच घास भरवी. आईच्या चपला मात्र तिला घरात कुठेच सापडल्या नाहीत.

परवा ती कामावरून आली, चहाचा कप बाबांच्या तोंडाला लावला. दिवे नुकतेच लागले होते. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला आवाज झाला.

चट, टक. चट, टक.

मुलीच्या हातातला कप हिंदकळला. जमादारांचा चेहरा कधी नव्हे तो उजळला. ते स्टुलावरून उठले, ताठ झाले, दार पुरतं उघडायला ओढलं... आणि थांबले. चपलांच्या मागोमाग, अगदी त्यांच्या तालात, दुसरी पावलं होती. अनवाणी, ओली.

"कोण आहे?" त्यांनी फाटकावरच्या आवाजात विचारलं.

"मीच हो," पायरीशी ती म्हणाली. तिचाच आवाज. मुलीने तोंडावर हात दाबला.

जमादारांनी दाराच्या लाकडात रुतलेली बोटं आणखी घट्ट केली. कोणाला आत घ्यायचं ते त्यांना ठाऊक होतं. कोणाला घ्यायचं नाही, हे त्या दिवशी घाईत विचारायचं राहिलं होतं. आणि ज्याला विचारायचं तो केव्हाच सुटून गेला होता.

"मीच हो," तिच्या मागून, एक पायरी खालून, तोच आवाज पुन्हा म्हणाला. "सोडा ना आत."