गाळलेले तीन सेकंद

आईचा निरोप अकरा सेकंदांचा होता, पण वाचायला आठच सेकंद लागत होते. राहीने घड्याळ लावून तीनदा वाचून पाहिला. मग उरलेले तीन सेकंद गेले कुठे?

राहीची आई, शलाका, चंद्रावरच्या तळावर खडकांचा अभ्यास करत होती. तिथे सहा देशांची माणसं, त्यामुळे सगळं बोलणं इंग्रजीत. ते बोलणं जुन्नरजवळच्या केंद्रात टिपण्या नावाचा यंत्रमानव लिहून घ्यायचा. तो बनवला होता राहीच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी. आबा मोठे शास्त्रज्ञ, पण भारी टापटिपीचे. मेथीच्या जुडीच्या काड्यासुद्धा ते एकसारख्या कापून ठेवत.

आजच्या निरोपाचा अर्थ एवढाच होता, की ड्रिल पेटीत ठेवलं, मी ठीक आहे, तासाभराने दोरीवरून विवरात (चंद्रावरच्या खोल खड्ड्यात) उतरते.

"टिपण्या, तू यातलं काही गाळलंस का?" राहीने विचारलं.

"हो. निरर्थक आवाज गाळले. आबांची तशी आज्ञा आहे."

"दाखव बरं."

पडद्यावर दोन शब्द उमटले. 'औच' आणि 'ओह'.

आबा चष्मा सावरत आले. "अगं, ही केवलप्रयोगी अव्ययं (मनातली भावना एकदम बाहेर टाकणारे शब्द). वाक्यातल्या कुठल्याच शब्दाशी यांचं नातं नसतं. काढली तरी वाक्याचं काही बिघडत नाही."

"वाक्याचं नाही बिघडत, पण आईचं? आबा, 'औच' कधी म्हणतात?"

"आपण 'आई गं' म्हणतो ना, तेव्हा. दुखलं की." आबांचा आवाज जरा खाली आला. "इंग्रजीत आनंदाने 'वॉव' म्हणतात, किळस आली की 'यक'."

"आणि 'ओह'?"

"त्याचा नेम नाही. आश्चर्य वाटलं तरी 'ओह', वाईट वाटलं तरी 'ओह'. सगळं स्वरावर (आवाजाच्या चढउतारावर) असतं."

"मग नुसतं वाचून कसं कळेल? ऐकू या!"

टिपण्याने मूळ आवाज लावला. आधी तुटक, तीक्ष्ण 'औच'. मग लांबलेलं, थरथरतं 'ओह'. आणि लगेच हसऱ्या आवाजात, "आय ॲम फाइन."

आबांना तो हसरा आवाज ओळखीचा होता. या घरची रीतच तशी होती. पाय मुरगळला तरी विचारणाऱ्याला 'काही नाही, बरी आहे' म्हणायचं. वाक्य माणूस विचार करून बोलतो, त्यामुळे त्यात दुखणं लपवता येतं. उद्गार मात्र विचाराच्या आधीच तोंडातून निसटतो.

ड्रिल ठेवताना लागलं म्हणजे हातालाच लागलं असणार, राहीच्या लक्षात आलं. दोरीवरून उतरताना सगळा भार हातांवर! "आबा, तिला थांबवा ना!"

"दोन शब्दांवरून मोहीम थांबवायची?" आबा क्षणभर घुटमळले. मग त्यांनी स्वतःच चंद्राशी बोलायची कळ दाबली. "शलाका, उजवी मूठ घट्ट आवळ बघू."

आवाज चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद, परत यायला सव्वा. तेवढ्यात राहीने आबांचा सदरा चुरगाळला.

"आई गं!"

इतक्या दिवसांत आईचा हा पहिला मराठी शब्द. "आबा, मनगट सुजलंय. पेटीचं झाकण पडलं हातावर. सांगितलं असतं तर मला उतरू दिलं नसतं."

"मग नकोच उतरूस!" राही ओरडली आणि तिला रडूच कोसळलं. "दुसरं कुणीतरी आणेल दगड!"

चंद्रावरून आधी एक उसासा आला. मग आई हळूच म्हणाली, "बरं, राहीबाई. डॉक्टरांना दाखवते."

आबांनी खुर्चीत अंग टाकलं आणि मोठ्याने म्हणाले, "हुश्श!"

टिपण्या वळला. पूर्वी असा आवाज तो मुकाट्याने पुसून टाकायचा. आज त्याने विचारलं, "आबा, तुम्हाला कुठे लागलं का?"

"नाही रे," राही डोळे पुसत म्हणाली. "त्यांचा जीव भांड्यात पडला. इंग्रजीत 'फ्यू' म्हणतात. लिहून ठेव."

आणि टिपण्याने ते लिहून ठेवलं.