कोरी ओळ

आमच्याकडे पाऊस बटणावर पडतो. शेडनेटच्या दाराजवळ एक हिरवं बटण आहे. ते दाबलं की छताखालच्या नळ्यांमधून बारीक फवारा सुटतो आणि ट्रेमधली सगळी रोपं एकदम न्हाऊन निघतात. त्या सकाळी मी नेहमीसारखं बटण दाबलं आणि आतून कोणीतरी ओरडलं, "अहो, थांबा! माणूस आहे आत!"

मी घाबरून पुन्हा बटण दाबलं, पण गडबडीत ते अडकलं आणि पाऊस चालूच राहिला. धावत आत गेले. मधल्या वाटेवर एक उंच तरुण उभा होता. चष्म्यावर थेंबच थेंब, केस कपाळाला चिकटलेले... आणि हा पठ्ठ्या स्वतः भिजत होता, पण एक कागदी पिशवी त्याने शर्टाच्या आत पोटाशी घट्ट धरली होती.

"स्वतःला सोडून पिशवी काय वाचवताय?" मी विचारलं.

"मी वाळेन हो. ही पावडर भिजली तर तिचे गोळे होतात."

"एवढं काय आहे तिच्यात?"

"कोळंबी," तो म्हणाला. अगदी गंभीरपणे.

मला हसू आवरेना. माझं नाक घरात बदनाम आहे. शेजारी दूध उतू गेलं तरी मला इथे कळतं. म्हणून मी एक पाऊल मागे सरकून नाक तयार ठेवलं. पण त्याच्या अंगाला कोळंबीचा वास नव्हताच. ओल्या कापडाचा होता, साबणाचा होता, आणि त्याखाली किंचित आंबट काहीतरी... व्हिनेगरचा!

नर्सरी माझ्या बाबांची. मी शिकून आले तेव्हापासून आम्ही दोघं मिळून चालवतो. टोमॅटो, मिरची, झेंडू यांची रोपं तयार करायची आणि बागवाल्यांना विकायची. टोमॅटोचं मात्र दर हंगामात दुखणं ठरलेलं. आज टवटवीत दिसणारं रोप उद्या मातीजवळ मऊ पडून मान टाकतं, त्याला मर म्हणतात. त्यातून जे वाचतं, त्याच्या पानांवर मावा नावाची कीड बसते. बाबांनी नाना औषधं मारून बघितली होती. अशा वेळी हा भिजलेला पाहुणा त्यांच्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, "काका, मला फक्त टोमॅटोच्या दोन ओळी द्या."

त्याच्या दादाचा कोळंबी सोलायचा कारखाना होता. टरफलांचे ढीग नुसते कुजत पडायचे. त्या टरफलांपासून हा मागच्या शेडमध्ये कायटोसन नावाची पांढरी पावडर करायचा. ती रोपांना दिली की रोपं रोगाला आणि किडीला सहजासहजी दाद देत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

"कोळंबीच्या टरफलांनी माझी रोपं सुधारणार?" बाबा म्हणाले. "उद्या माशाच्या काट्याने दाढी करायला सांगाल."

"एक ओळ फवारू, एक कोरी ठेवू. फरक दिसला नाही तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"ठीक आहे. तसंही तोंड ओलंच आहे, दिसत नाही नीट," बाबा म्हणाले.

अशी त्याची ये-जा सुरू झाली. मी त्याला मनातल्या मनात 'कोळंबी' म्हणायला लागले. एकदा तोंडातून निघून गेलं, तर तो रागावला नाही. म्हणाला, "चालेल. मी तुम्हाला 'पाऊस' म्हणतो."

पावडर साध्या पाण्यात विरघळत नाही, हे त्यानेच मला शिकवलं. आधी पाण्यात थोडं व्हिनेगर घालायचं, मग पावडर चिमटीचिमटीने सोडायची आणि ढवळत राहायचं. ते मधासारखं दाट झालं की भरपूर पाणी घालून पातळ करायचं आणि मग पंपात भरायचं. ढवळताना घाई केली की गुठळ्या झाल्याच. एकाच बादलीवर दोघांनी इतका वेळ वाकून राहायचं म्हणजे... काही ना काही बोलावंच लागतं.

"पण हे औषध करतं काय? किड्याला मारतं?"

"कोणालाच मारत नाही. किड्यांच्या पाठीत आणि बुरशीच्या सालीत याच्या नात्यातलंच काहीतरी असतं. पानावर हे पडलं की झाडाला वाटतं, कोणीतरी आलं! मग ते आतून तयारीला लागतं. सालं घट्ट करतं, पानं जाड करतं."

"आणि आलेलं कोणीच नसतं?"

"कोणीच नसतं."

"म्हणजे शुद्ध फसवणूक."

"थोडीशी," तो म्हणाला आणि त्याने चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "पण त्याच्या भल्यासाठी."

मी पटकन बादलीत बघितलं. माझे कान गरम झाले होते. इथे तर कोणीतरी खरंच आलं होतं आणि माझी तयारी मात्र शून्य.

त्याचा एक आवडता खेळ होता. डोळे मिटायचे, तो दोन्ही ओळींतली पानं माझ्या बोटांना लावायचा, आणि फवारलेलं कोणतं ते मी ओळखायचं. पहिल्या आठवड्यानंतर मी लगेच ओळखलं. एक पान नुसतंच मऊ होतं. दुसऱ्यात थोडा जोर होता. "हे!" मी म्हणाले. तो म्हणाला, "बरोबर." पण माझं बोट त्याने लगेच सोडलं नाही, आणि मीही डोळे लगेच उघडले नाहीत.

त्याच दिवशी बोलता बोलता तो म्हणाला, "दादाने हा हंगाम दिलाय मला. यात काही दिसलं नाही तर शेडमध्ये बर्फाचं कोठार होणार. आणि मी लांब जाणार, रंगाच्या कंपनीत. नोकरी ठरलेली आहे."

"किती लांब?"

"इथून तुमचा पाऊस दिसणार नाही, एवढं."

त्या दिवसापासून मी टोमॅटोच्या त्या ओळीशी गुपचूप बोलायला लागले. बायांनो, जरा मनावर घ्या, नाक कापू नका माझं.

रोपं विक्रीला तयार झाली तेव्हा तो आला. मी डोळे मिटले. त्याने एक पान लावलं. मग दुसरं. मी पुन्हा मागितली. पुन्हा लावली...

"सांग ना," तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला, आणि मला त्याचा आनंदसुद्धा होईना.

"दोन्ही सारखीच आहेत."

मी डोळे उघडले. दोन्ही ओळी हिरव्यागार, ताठ, एकीलाही मर नाही की मावा नाही. बघणाऱ्याची नजर लागावी अशा!

"यंदा रोगच आला नसेल," तो म्हणाला. "मग माझ्या पावडरीने काय केलं? काहीच नाही." त्याने पंप धुऊन ठेवला, बाबांना नमस्कार केला आणि गेला. मला त्याला थांबवायचं होतं. पण काय सांगून थांबवणार? मी बोटांनीच निकाल देऊन बसले होते. आत येऊन मी मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. तोंडाला चव नव्हती, म्हणून काकडीवर घालायला मी व्हिनेगरची बाटली काढली. रिकामी! त्याच महिन्यात आणलेली होती.

"बाबा, व्हिनेगर कुठे गेलं?"

बाबा छताकडे बघायला लागले. आमच्या छतावर बघण्यासारखं काही नाही.

"बाबा?"

"उडून गेलं असेल."

"झाकण बंद असताना?"

मी उठले आणि मागच्या पडवीत गेले. बाबांचा जुना छोटा हातपंप खुंटीला होता. त्याच्या तोंडात पांढऱ्या गुठळ्या अडकलेल्या होत्या. नाकाशी धरला. आंबट! मी पंप आणून ताटासमोर ठेवला.

"तुम्ही कोरी ओळ फवारलीत?"

"मग काय करू?" बाबा एकदम उसळले. "ती ओळ माझ्याकडे बघायची गं! तुमची ओळ जोमात, आणि शेजारी हिची दोन रोपं माना टाकून पडलेली. ती मी उपटली, दुसऱ्या ट्रेमधली आणून लावली. पण बाकीच्यांचं काय? मरायला सोडून द्यायचं? रोपं आहेत ती, परीक्षेचे पेपर नाहीत!"

"पण तुमचा तर विश्वासच नव्हता."

"पहिला आठवडाभर नव्हता," बाबा पुटपुटले. "कसं करायचं ते चोरून बघून शिकलो, पावडर तुमच्याच पिशवीतून घेतली. सुरुवातीला गुठळ्या झाल्या."

मी त्यांच्या टकलावर पापा घेतला, पंप उचलला आणि स्कूटरला किक मारली. "त्याला सांग, मी येत नाही, मला लाज वाटते!" बाबा मागून ओरडत होते.

कारखान्यामागच्या शेडमध्ये तो पिंप उपडं करून धूत होता आणि त्याचा दादा टेप घेऊन भिंत मोजत होता. मी तशीच आत शिरले आणि पंप त्याच्या हातात दिला.

"हे काय?"

"बाबांचा पंप. वास घे."

त्याने वास घेतला. गुठळ्यांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उजाडत गेली.

"कोरी ओळ..."

"कोरी नव्हतीच. तिची रोपं मान टाकायला लागली होती. बाबांना बघवेना. घरातलं सगळं व्हिनेगर संपवलं त्यांनी!"

तो उपड्या पिंपावर बसला आणि हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्याने डोळे पुसले. "पण प्रयोग तर फुकट गेला. तुलना करायला काही उरलंच नाही. दादा कशाला ऐकेल?"

दादाने टेप सर्रकन आत सोडली. "म्हणजे ज्याने तुला काट्याने दाढी करायला सांगितलं होतं, तोच माणूस चोरून वापरतोय?"

"हो," मी म्हणाले.

"मग आणखी कसला पुरावा पाहिजे? गिऱ्हाईक चोरून वापरतंय म्हणजे माल चांगला आहे. आणखी एक हंगाम घे. बर्फाचं मी बघतो कुठेतरी." आणि तो शहाणा माणूस, काही काम नसताना, बाहेर निघून गेला.

आम्ही दोघंच उरलो. पिंपातून पाणी ठिबकत होतं.

"रंगाच्या कंपनीला काय सांगणार?" मी विचारलं.

"तूच सांग."

"त्यांना सांग की..." आता थांबायचं नव्हतं. "सांग की इथे एक मुलगी आहे. तिला तू आवडतोस. रोपं जगली नसती, पावडर वाया गेली असती, तरीही आवडला असतास. हे काल सांगायला हवं होतं, तेव्हा मी पानं चाचपत बसले."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "उद्या सकाळी येतो. पाणी द्यायच्या वेळी."

दुसऱ्या दिवशी तो त्याच वाटेवर, त्याच जागी जाऊन उभा राहिला. हात रिकामे. चष्मा खिशात.

"दाब बटण," तो म्हणाला.

"भिजशील."

"त्या दिवशी पिशवी सांभाळत होतो. तुला नीट बघायचं राहून गेलं." आणि मग, थोडं अडखळत, "मला तू तेव्हापासून आवडतेस, पाऊस. आता दाब ना... आणि तूही ये."

मी बटण दाबलं आणि धावत आत गेले. पाणी गार होतं, त्याचे हात गरम होते. त्याने माझं तेच बोट धरलं, आणि या वेळी कोणाला काही ओळखायचं नव्हतं.

बाहेरून बाबांचा आवाज आला, "अरे, नवीन कोरी ओळ कोणती ठरवलीत ते सांगून ठेवा. मी त्या बाजूला फिरकणारच नाही!"

"आणि व्हिनेगर?" मी ओरडले.



"तुमच्या लग्नानंतर वेगळी बाटली आणा," बाबा म्हणाले. "घरातली माझी."