गुण आला का?

मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली होती, बाहेर पावसाची भुरभुर चालू होती आणि शेजारशेजारच्या दोन्ही दुकानांची दारं हिरवीच होती. त्यामुळे दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासणारी ती चष्मेवाली केमिस्टकडे जाण्याऐवजी वनौषधींच्या दुकानात शिरली. काउंटरवर हात टेकून म्हणाली, "खोकल्याचं सिरप द्या. पटकन गुण येईल असं."

"सिरप शेजारी," समोरून आवाज आला. "इथं नुसता पाला आणि मुळ्या मिळतात."

तिनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. समोर छतापर्यंत बरण्या होत्या, आल्या-पुदिन्याचा दरवळ होता, आणि वजनकाट्यामागे एक उंच तरुण आलं किसत उभा होता. नाकाच्या शेंड्याला आल्याचा तंतू चिकटलेला. तो सांगावा की नाही, या विचारात ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"आलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही शेजारी पाठवता?"

"गिऱ्हाइकं आपणहून जातात हो. मी फक्त रस्ता दाखवतो."

त्याचं खरंच होतं. तेवढ्यात एक बाई डोकावल्या. "मावशी नाहीत का? वरच असतात होय... मग राहू दे. त्यांच्या हाताला गुण होता!" आणि आल्या पावली गेल्या.

मावशी म्हणजे त्याची आई. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना जिना उतरवत नव्हता. म्हणून तो ऑफिसातली नोकरी सोडून काउंटरमागे येऊन उभा राहिला. औषधं तीच, प्रमाण तेच, पण गल्लीच्या लेखी तो नुसता मावशींचा मुलगा. विषाणूच्या तापानं घरटी एक माणूस अंथरुणाला खिळलेलं, आणि याच्या दुकानात मात्र शुकशुकाट.

"हा हंगाम बघायचा," तो हसत म्हणाला. "हाताला गुण नसेल तर कुलूप लावायचं आणि पुन्हा ऑफिसात जाऊन खुर्ची उबवायची." तोंडावर हसू होतं, पण डोळ्यांत नव्हतं. डोळ्यांतलं ओळखणं तर तिचं कामच होतं.

"मला द्या," ती म्हणाली. "पाला आणि मुळ्या."

त्यानं ज्येष्ठमध, आलं, ओवा, पुदिना अशी पुडी बांधली. "उकळा, गाळा, कोमट झाल्यावर मध घाला. घशाला आराम पडेल. पण ताप चढला, दम लागला, तर इथं यायचं नाही. सरळ डॉक्टर गाठायचा."

"आणि प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ?"

"झोप. पण ती माझ्याकडे विकायला नाही."

ती खुदकन हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

काढा चांगला लागला. घसा घटकाभर मऊ व्हायचा आणि मग खोकला आपला पुन्हा हजर. दोन-तीन दिवसांनी ती त्या गल्लीतून जात असताना तो अर्धा बाहेर वाकून म्हणाला, "काय हो... गुण आला का?"

नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं खरं. पण तो ज्या आशेनं बघत होता ते पाहून तिच्या तोंडून भलतंच निघालं. "आला तर! एकदम!"

त्याचा चेहरा असा काही खुलला की तिला तिथं थांबवेना. कोपरा वळून ती स्कार्फमध्ये तोंड खुपसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकली.

एकदा खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं. मग रोज संध्याकाळी कसलं ना कसलं निमित्त काढून ती दुकानात जायची, श्वास धरून चार शब्द बोलायची आणि पळायची. चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण कसे बरे झालो ते रंगवून सांगायची. "चष्मेवालीला गुण आला म्हणे," असं गल्लीभर झालं. लोक येऊ लागले. तो मान वर न करता पुड्या बांधू लागला, आणि तिला पाहिलं की मात्र मान वर यायचीच.

एके दिवशी तो तिच्याकडे डोळे तपासायला आला.

"बरण्यांवरची नावं पुसट दिसतात," तो म्हणाला. ते खरं होतं की निमित्त, हे तिला यंत्र लावल्यावर कळणार होतं.

अंधाऱ्या खोलीत तिनं त्याला बसवलं. "हनुवटी टेका. समोर बघा."

"समोर तुम्ही आहात."

"माझ्या कानाकडे बघा."

"तो लाल झालाय..."

"हलू नका!" तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभरही लांब नव्हता. आणि नेमकी त्याच क्षणी छातीतून उबळ वर आली. तिनं ओठ मिटले, श्वास कोंडला.

"तुमच्या डोळ्यांत पाणी?" तो हळूच म्हणाला.

"तपासणी... तुमच्या डोळ्यांची... चाललीय," एवढं कसंबसं बोलून ती आत धावली आणि नळ सोडून त्याच्या आवाजात मनसोक्त खोकून आली. बाहेर बसलेल्या त्या बापड्याला वाटलं, ही लाजली. तेही काही अगदीच खोटं नव्हतं म्हणा. आणि नंबर खरंच लागला होता.

पण तिच्या या गोडगोड थापेवर आणखी कुणीतरी विसंबलं होतं. तिच्या दुकानाच्या मालकीणबाई. त्यांचा खोकला वाढत गेला, ताप उतरेना. तिनं डॉक्टरचं नाव काढलं की त्या हात झटकायच्या. "तुला कुठे लागला डॉक्टर? मी त्याच्याच पुड्या घेतेय."

त्या संध्याकाळी ती त्याच्या दुकानात शिरली, तर मालकीणबाई स्टुलावर बसलेल्या. बोलताना दर दोन शब्दांना त्यांचा श्वास अडकत होता.

"बरं झालं आलात," तो तिला म्हणाला. हातातली पुडी अर्धवट बांधलेली होती. "खरं तर यांना डॉक्टरकडे पाठवायला हवं. पण तुम्हाला याच काढ्यानं उतार पडला ना? एक दिवस आणखी देऊन बघू का?"

सांगितलं तर याला मिळालेला एकुलता एक भरवसा जाणार, कदाचित दुकान जाणार, आणि त्याच्याबरोबर हाही. नाही सांगितलं तर... तिनं मालकीणबाईंच्या ओठांकडे पाहिलं. ते निळसर दिसत होते.

"मला गुण आला नव्हता," ती म्हणाली.

"काय?"

"एक दिवसही नाही. घसा मऊ व्हायचा, बस्स. खोकला तसाच होता. अजून आहे." आणि इतके दिवस दाबून ठेवलेला खोकला एकदाचा सगळा बाहेर आला.

तो बघतच राहिला. "मग... खोटं का बोललात?"

"तुमचा चेहरा पडला असता."

"माझ्या चेहऱ्याचं काय एवढं?"

"आवडतो मला!" ती जवळजवळ ओरडलीच. "पडलेला बघवला नसता!"

मालकीणबाई धापा टाकत म्हणाल्या, "तुमचं... नंतर बघा रे... आधी मला... कुणीतरी न्या."

त्यानं पुडी तिथंच टाकली. मालकीणबाईंना आधार देत रिक्षात बसवलं. वाटभर तो तिच्याऐवजी रस्त्याकडेच बघत होता. डॉक्टरांनी छाती तपासून लगेच दाखल करून घेतलं, ऑक्सिजन लावला. "आणखी थांबला असता तर कठीण होतं," ते म्हणाले. तो खाली मान घालून निघून गेला. त्याला हाक मारायचा तिला धीर झाला नाही.

मग त्याच्या दुकानाचं दार बंदच दिसू लागलं. रोज तिथून जाताना तिचा जीव कसनुसा व्हायचा. आपल्याला त्याला वर उचलायचं होतं आणि आपणच त्याला आपटलं, असं तिला वाटत राहिलं. मालकीणबाई मात्र सुधारत होत्या. दवाखान्यातून फोन करून रोज विचारायच्या, "आला का गं तो?"

तो आला. दुकान बंद व्हायच्या वेळेला. "माझा चष्मा तयार झाला असेल," म्हणाला.

तिनं फ्रेम त्याच्या कानांमागे बसवली. तिरकी बसली, म्हणून पुन्हा बसवली.

"आईला सगळं सांगितलं," तो म्हणाला. "म्हटलं, माझ्या हाताला गुण नाही. एकीला आला होता, तोही खोटा निघाला."

"मग?"

"पोट धरधरून हसली. म्हणाली, अरे वेड्या, माझ्याकडची निम्मी माणसं मला बरं वाटावं म्हणूनच बरी व्हायची! ज्याला डॉक्टर हवा त्याला वेळेवर डॉक्टरकडे धाडणं, तेवढाच माझ्या हातचा गुण. 'तुमच्या औषधानं काही झालं नाही' असं तोंडावर सांगणारा जन्मात एकच माणूस भेटला."

"कोण?"

"मीही तेच विचारलं." तो नव्या चष्म्यातून तिच्याकडे बघत होता. "म्हणाली, तुझे बाबा. तिनं त्यांनाच होकार दिला."

तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

"उद्यापासून दुकान उघडतोय," तो म्हणाला. "आणि तुमचा खोकला?"

"गेला. आपोआप," ती नाक पुसत म्हणाली. "तुमच्या काढ्याचा काही संबंध नाही."

"हेच वर येऊन आईला सांग ना..."

'सांग' म्हणाला तो, 'सांगा' नाही. तिनं ते बरोबर ऐकलं. मग दिवे मालवले, शटर ओढलं आणि म्हणाली, "चल."