भात डावीकडे, रस्सा उजवीकडे

हवेलीच्या अकरा खोल्यांपैकी दहा तयार झाल्या होत्या. दारांना तुतीचा नवा कागद लागला होता, जमिनीवर चिकटवलेला तेलकागद पिवळाधमक दिसत होता. राहिली होती ती आतली, बायकांकडची खोली. शनिवारी ती लोकांना बघायला उघडायची होती. ते काम हवेलीची डागडुजी बघणाऱ्या यूनहाचं, आणि त्याबरोबर दिलेला एक शब्दही तिचाच.

शब्द दिला होता सुन्बुन आजींना. आजी या घरच्या सून. लग्नाला आठ महिने झाले होते तेव्हा लढाई पेटली आणि नवऱ्याला कोणीतरी बोलावून नेलं. त्यानंतर सत्तर वर्षं त्यांनी रोज त्याचा जेवणाचा चौरंग मांडला, श्राद्ध मात्र एकदाही घातलं नाही. वृद्धाश्रमात जाताना हवेली जिल्ह्याला दिली, तीही एका अटीवर. चौरंग जिवंत माणसाचा मांडायचा. भात डावीकडे, रस्सा उजवीकडे. श्राद्धाला हे उलटं असतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मंगळवारी यूनहाने काशाचे वाडगे मांडले. रिकामेच, वर झाकणं घालून. उंदरांना आमंत्रण नको. बुधवारी सकाळी भाताचा वाडगा उजवीकडे होता.

"प्योकाका, तुम्ही हलवलेत?"

प्यो म्हणजे दारांच्या चौकटी बसवणारा म्हातारा सुतार. "मी? माझ्या बायकोने उभ्या जन्मात मला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. मला काय कळतंय त्यातलं?"

तिने वाडगे जागेवर ठेवले, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. गुरुवारी पुन्हा उलटे. यूनहा मोजमापावर विश्वास ठेवणारी बाई. तिने जमिनीचा उतार तपासला, खिडक्यांच्या खिट्ट्या तपासल्या. सगळं ठीक होतं.

शुक्रवारी वाडगा उजवीकडे होताच, शिवाय हाताला कोमट लागला. खोली उबदार ठेवणारी जमिनीखालची चूल महिनाभर पेटली नव्हती.

"काका, उद्या आजी येणारेत."

"मग?"

"त्यांनी हे बघितलं तर? आयुष्यभर वाट बघितलीय हो त्यांनी."

प्योने रंधा खाली ठेवला. "पोरी, उद्या लवकर ये आणि सरळ करून ठेव. आपल्या हातात तेवढंच."

यूनहाला भीती वाटत होती. स्वतःसाठी नाही, आजींसाठी.

शनिवारी ती सातलाच आली. कुलूप जागच्या जागी होतं. आत चौरंगावर भात डावीकडे, रस्सा उजवीकडे. तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिला शेजारचा दुसरा चौरंग दिसला. छोटा, बायकी, कालपर्यंत माळ्यावर पडून असलेला. त्यावरही झाकलेले वाडगे होते.

त्यावर भात उजवीकडे होता.

साडेनऊपर्यंत ती तिथेच बसून राहिली. अंगणात चाकाची खुर्ची खडखडली तशी भानावर आली. "अगं यूनहा," आजींचा खणखणीत आवाज आला, "कागद लावलायस की गोधडी? सासूबाईंनी बघितला असता तर फाडून परत लावायला लावला असता!"

अंगणात जमलेले लोक हसले. यूनहाने घाईघाईने छोट्या चौरंगावरचे वाडगे अदलाबदल केले. ते चटका बसण्याइतके गरम होते.

आजींना उचलून आत बसवलं. त्यांनी नवऱ्याचा चौरंग बघितला, समाधानाने मान हलवली. मग दुसरा बघितला.

"हे तू कशाला हलवलंस?"

आजींनी भात पुन्हा उजवीकडे ठेवला, रस्सा डावीकडे.

"आजी, अहो, ते..."

"माझंच आहे गं. आमच्या ह्यांना मांडामांड कधी जमली नाही. आज जमली." त्या छान हसल्या. "दार ओढून घे जाताना."

यूनहा बाहेर आली. दार ओढलं.

रांग अंगणाबाहेर गेली होती.

आत काशाच्या वाडग्यावर चमचा वाजला.

मग दुसरा.

दारापाशी उभ्या प्योने ऐकलं आणि मान खाली घातली. रांगेतल्या पुढच्या माणसाने घड्याळ बघितलं. "बाई, उघडताय ना? दहा वाजून गेले."

यूनहाने कडीवरचा हात काढून घेतला.

"थोडं थांबा," ती म्हणाली. "आत जेवणं चाललीयत."